‘अर्जुन’ या नावाचा अर्थ नेमका काय: शूर, गोरा, मोर की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाचं बारसं तोंडावर आलंय, नाव ‘अर्जुन’ पक्कं झालंय. पण नावांच्या एका यादीत अर्थ ‘शूर योद्धा’ दिलाय, दुसरीत ‘मोर’, तिसरीत ‘संपत्ती मिळवणारा’. घरातले संस्कृत शिकलेले काका म्हणतात, अर्जुन म्हणजे पांढरा. बाळ सावळं, त्यामुळे नातेवाइकांची थट्टा सुरू झाली आहे. त्यात अंकशास्त्र बघणाऱ्या एकाने नाव ‘आर्जुन’ असं लिहायला सांगितलंय. यातलं खरं काय, पत्रिकेवर अर्थ काय छापायचा आणि सावळ्या मुलाला हे नाव शोभतं का?

माझी सगळी नोकरी संस्कृत शिकवण्यात झाली, त्यामुळे नावांचे अर्थ विचारणारे लोक मला नवे नाहीत. ‘अर्जुन’बद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते आणि सगळ्यात जास्त गोंधळही त्याच नावाचा असतो. आधी उत्तर सांगून टाकतो: तुमचे काका बरोबर आहेत. आणि थट्टा करणारे तरीही चुकीचे आहेत. दोन्ही एकाच वेळी कसं खरं, ते खाली सांगतो.

‘शूर’ हा अर्थ आधी बाजूला काढू. नावांच्या याद्या करणारे बहुतेकदा शब्दाचा अर्थ देतच नाहीत. ते नाव ज्याने गाजवलं त्याचे गुण देतात. उद्या कुणी ‘कर्ण म्हणजे दानशूर’ असं लिहिलं तर? कर्ण म्हणजे कान. भीम म्हणजे ज्याची भीती वाटावी असा. भीम बलवान होता म्हणून ‘भीम’चा अर्थ ‘बलवान’ होत नाही. तसंच अर्जुन शूर होता हे खरं, पण ‘अर्जुन’ शब्दात शौर्य कुठेच नाही. हा शब्द महाभारतातल्या अर्जुनाच्या खूप आधीचा आहे आणि तेव्हा तो योद्ध्यांना लावत नसत. तो दिवसाला लावत.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात वैश्वानर अग्नीचं एक सूक्त आहे. त्याची सुरुवातच अशी: ‘अहश्च कृष्णमहरर्जुनं च’. काळा दिवस आणि अर्जुन दिवस, दोघे आळीपाळीने फिरत राहतात. यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात, याचा उलगडा केला आहे: काळा दिवस म्हणजे रात्र, आणि अर्जुन म्हणजे शुक्ल, उजेडाचा दिवस. ‘कृष्ण’ आणि ‘अर्जुन’ हे दोन शब्द इथे शेजारी शेजारी, एकमेकांच्या विरुद्ध अर्थाने उभे आहेत. पुढे हजारो वर्षं भारतीय मनात जी जोडी एका रथात बसलेली दिसते, तिची नावं इतकी जुनी जोडीची आहेत, हे लक्षात आलं की मला तरी अजून गंमत वाटते.

तेव्हा पहिला अर्थ हा: उजळ, शुभ्र, चांदीसारखा लख्ख. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, पांढऱ्या रंगाचे शब्द एका दमात दिले आहेत. शुक्ल, शुभ्र, शुचि, श्वेत अशी सुरुवात होते आणि ओळ ‘वलक्षो धवलोऽर्जुनः’ अशी येऊन थांबते. चांदीचा उल्लेख मी उगाच केला नाही. ‘रजत’ आणि ‘अर्जुन’ हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. त्याच मुळापासून लॅटिनमध्ये चांदीला ‘आर्गेन्तुम’, ग्रीकमध्ये ‘आर्गुरोस’ म्हणतात, आणि हित्ती भाषेत ‘हर्की’ म्हणजे पांढरा. अर्जेंटिना या देशाचं नाव चांदीवरून पडलं, म्हणजे नात्याने तोही अर्जुनाचा लांबचा चुलतभाऊच.

आता यात इंद्र कुठून येतो, ते बघण्यासारखं आहे, कारण नावाची खरी गोष्ट तिथे आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सूर्येच्या, म्हणजे सूर्याच्या मुलीच्या, लग्नाचं सूक्त आहे. त्यात वरातीची वेळ सांगताना ‘अर्जुन्योः पर्युह्यते’ असे शब्द येतात: अर्जुनी नक्षत्रांवर नवरीला नेतात. हीच ऋचा अथर्ववेदात थोडी बदलून आली आहे आणि तिथे त्याच जागी ‘फल्गुनीषु व्युह्यते’ आहे. म्हणजे आज आपण पूर्वा आणि उत्तरा फल्गुनी म्हणतो, त्या नक्षत्रांचं जुनं नाव ‘अर्जुनी’. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री सिंह राशीच्या मागच्या भागात हे तारे सहज सापडतात. उत्तरा फल्गुनीचा ठळक तारा पांढऱ्या प्रकाशाचा आहे आणि पूर्वा फल्गुनीची ताऱ्यांची जोडीही तशीच.

नाव बदललं का, याचं कारण शतपथ ब्राह्मणात दिलं आहे आणि ते विलक्षण आहे. अग्न्याधान, म्हणजे यज्ञाच्या अग्नीची पहिली स्थापना, कुठल्या नक्षत्रावर करावं, याची चर्चा चालली आहे. तिथे म्हटलंय की फल्गुनी हे इंद्राचं नक्षत्र, ते त्याच्या नावाशी जुळतंही. कारण ‘अर्जुनो ह वै नामेन्द्रो यदस्य गुह्यं नाम’. अर्जुन हे इंद्राचं नाव, त्याचं गुप्त नाव. नक्षत्राचं खरं नाव अर्जुनी. पण देवाचं गुप्त नाव उघड घेऊ नये, म्हणून आडवळणाने फल्गुनी म्हणायचं.

आता महाभारत आठवा. पांडवांतला तिसरा, कुंतीला इंद्रापासून झालेला. त्याचं नाव अर्जुन. त्याचं दुसरं नाव फाल्गुन. बापाचं गुप्त नावही त्याचं, आणि ते नाव झाकायला वापरलेला शब्दही त्याचाच. हे योगायोगाने होत नाही. ज्यांनी ही कथा घडवली त्यांच्या डोक्यात इंद्र, अर्जुन आणि फल्गुनी यांचं नातं पक्कं होतं. तुमच्या बाळाचं नाव ठेवताना ‘शूर’पेक्षा हे कितीतरी वजनदार आहे, असं माझं मत. देवांच्या राजाने स्वतःपुरतं राखून ठेवलेलं नाव आहे ते.

जाता जाता: ऋग्वेदात इंद्राचा एक जिवलग सोबती आहे, कुत्स. तो इंद्राबरोबर एकाच रथातून जातो, आणि त्याला ‘आर्जुनेय’ म्हटलंय, म्हणजे अर्जुनीचा मुलगा. देव आणि माणूस एका रथात ही कल्पनासुद्धा कुरुक्षेत्राच्या आधीची. हा ‘आर्जुनेय’ लक्षात ठेवा, शेवटी स्पेलिंगच्या भानगडीत उपयोगी पडेल.

आता थट्टेचा मुद्दा. त्याचं उत्तर महाभारतातच, खुद्द अर्जुनाच्या तोंडी आहे. विराटपर्व. अज्ञातवास संपत आलाय. कौरवांनी विराटाच्या गाई वळवल्यात. राजपुत्र उत्तर बढाया मारत निघालाय आणि सैन्य बघून रथातून उडी टाकून पळालाय. त्याला धरून आणणारी बृहन्नडा, म्हणजे नाचगाणं शिकवणारी व्यक्ती, त्याला शमीच्या झाडावरून शस्त्रं खाली काढायला लावते आणि सांगते की मी अर्जुन. उत्तराचा विश्वास बसत नाही. बसणार कसा? तो म्हणतो, अर्जुनाची दहा नावं मी ऐकली आहेत, ती कशी पडली ते सांग, मग मानीन. आजच्या भाषेत ओळख पटवण्यासाठी विचारलेला प्रश्नच तो.

अर्जुन दहाही सांगतो: अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सु, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. आणि एकेकाचं कारण देतो. हिमालयाच्या अंगाखांद्यावर, पूर्वा आणि उत्तरा फल्गुनींच्या संधीवर जन्मलो म्हणून फाल्गुन. इंद्राने मस्तकावर किरीट ठेवला म्हणून किरीटी. पांढरे घोडे रथाला म्हणून श्वेतवाहन. गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच, म्हणून सव्यसाची. देश जिंकून त्यांचं धन हिसकावून त्या धनाच्या मधोमध उभा राहतो म्हणून धनंजय. (‘धनंजय’ नावाचे सज्जन शेजारी मी पाहिले आहेत, त्यांना हा ‘हिसकावून’ कधी सांगितलेला नाही.) बीभत्सु हे नाव आज कुणी ठेवणार नाही, पण त्याचं कारण सुंदर आहे: युद्धात मी कधी किळस यावी असं कृत्य करत नाही.

आणि अर्जुन? ऐका:

‘पृथिव्यां चतुरन्तायां वर्णो मे दुर्लभः समः ।
करोमि कर्म शुक्लं च तेन मामर्जुनं विदुः ॥’

चारी दिशांच्या या पृथ्वीवर माझ्यासारखा वर्ण सापडणं कठीण, आणि मी शुक्ल कर्म करतो, म्हणून मला अर्जुन म्हणतात. नीट बघा, ‘मी गोरा आहे’ असं तो म्हणतच नाही. वर्ण दुर्मीळ आहे एवढंच म्हणतो. शुभ्रपणा त्याने कर्माला दिलाय. ‘शुक्ल’ हा शब्द कातडीसाठी नाही, कृतीसाठी आला आहे.

अर्जुन शेवटी, दहावं म्हणून, ‘कृष्ण’ या नावाचं कारण सांगतो, ते तर तुमच्या नातेवाइकांना थेट ऐकवण्यासारखं आहे. कृष्ण हे नाव मला वडिलांनी ठेवलं, तो म्हणतो, लहानपणी मी ‘कृष्णावदात’ होतो आणि त्यांचा लाडका होतो म्हणून. कृष्ण म्हणजे काळा, अवदात म्हणजे उजळ. सावळा, पण तेजाळलेला. मूल सावळं होतं, बापाने लाडाने ‘काळ्या’ म्हटलं, इतकी साधी घरगुती गोष्ट आहे ती.

महाभारत पुढेही हेच सांगतं. आश्रमवासिकपर्वात वनात जमलेल्या तपस्व्यांना संजय एकेका पांडवाची ओळख करून देतो. युधिष्ठिर शुद्ध सोन्यासारखा गोरा. अर्जुनाकडे वळल्यावर शब्द येतात: ‘श्यामो युवा’. सावळा तरुण, मोठं धनुष्य घेतलेला, हत्तींच्या कळपाच्या नायकासारखा. म्हणजे ज्याच्या नावाचा अर्थ पांढरा, तो स्वतः सावळा. ज्या कृष्णाच्या रथात तो बसला, तोही सावळा. महाभारतात दोघांना मिळून कित्येकदा ‘कृष्णौ’, दोन कृष्ण, असंच म्हटलंय. द्रौपदी कृष्णा, ग्रंथकर्ते व्यास कृष्णद्वैपायन. त्या ग्रंथात सावळेपणाची कुणाला लाज नाही. ती आपण नंतर कमावली. शिवाय अर्जुनाचा बाप म्हणवला गेलेला पांडू, त्याच्या नावाचा अर्थ फिकट, पांढुरका. पांडूचा मुलगा अर्जुन. दोन्ही नावं पांढरी आणि मुलगा श्याम. नावावरून रंग ओळखायचा हिशेब महाभारतानेच उडवून लावलाय.

तर सावळ्या मुलाचं नाव अर्जुन ठेवायला हरकत कसली? मूळ अर्जुन अगदी तसाच होता.

या दहा नावांचं पुढे स्तोत्र झालं. केरळात आणि तेलुगू मुलखात वीज कडाडली की घरातली म्हातारी माणसं मुलांना ‘अर्जुन, फल्गुन...’ अशी नावं म्हणायला लावत आली आहेत. इंद्राचं वज्र आवरायला इंद्राच्या मुलाचं नाव, असा त्यातला सरळ हिशेब.

आता बाकीचे अर्थ, भराभर. ‘मोर’ हा अर्थ खोटा नाही. संस्कृत कोशांत अर्जुन शब्दाच्या पुढे तो दिलेला आहे. त्याच कोशांत ‘आईचा एकुलता एक मुलगा’ हाही अर्थ आहे, जो पाच पांडवांतल्या तिसऱ्याला मुळीच लागू नाही. अमरकोश अर्जुन म्हणजे गवत असंही सांगतो. आणि सुश्रुताने डोळ्यांचे विकार सांगताना बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर सशाच्या रक्तासारखा लाल ठिपका दिसतो, त्या विकाराला ‘अर्जुन’ नाव दिलंय. कोशात अर्थ सापडला म्हणून तो नावाचा अर्थ होत नाही, हे एवढ्यावरून कळावं. मोर आवडत असेल तर आवडू द्या, पण मुलाचं नाव मोरावरून ठेवलं असं सांगू नका.

‘संपत्ती मिळवणारा’ हा अर्थ ‘अर्जन’वरून आला. हेही हवेतलं नाही. जुन्या वैयाकरणांनी उणादि प्रत्यय लावून ‘अर्जुन’ची व्युत्पत्ती अर्ज् धातूपासूनच दाखवली आहे. मिळवणे, कमावणे हा त्या धातूचा अर्थ. पण उणादि म्हणजे ज्या शब्दांची फोड सरळ होत नाही, त्यांना कुठल्या तरी धातूशी बसवण्याची सोय. त्याने शब्दाचं रूप सिद्ध होतं; वेदात तो ज्या अर्थाने आलाय तो अर्थ बदलत नाही. ऋग्वेदातला ‘अर्जुन दिवस’ काही कमाई करणारा दिवस नव्हे.

गीतेवरच्या प्रवचनांत आणखी एक अर्थ ऐकू येतो: अर्जुन म्हणजे ऋजु, सरळ मनाचा. ऐकायला गोड आहे आणि गीतेतल्या अर्जुनाला शोभतोही, कारण मनात आलं ते त्याने कृष्णापुढे सरळ मांडलं. पण ‘ऋजु’ वेगळ्या कुळातला शब्द आहे. प्रवचनाला चालेल, पत्रिकेवर छापायला नाही.

झाडाचं मात्र सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे नदीकाठी अर्जुन हमखास दिसतो. मराठीत त्याला अर्जुन सादडा म्हणतात. साल गुळगुळीत, राखाडी-पांढरी, मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटणारी. ओढ्याच्या काठी तिन्हीसांजेला इतर झाडं अंधारात गेली तरी अर्जुनाचं खोड दिसत राहतं. नाव कशावरून पडलं हे ते खोडच सांगतं. अमरकोशात याच झाडाला ‘इन्द्रद्रु’, इंद्राचं झाड, असंही म्हटलंय. इंद्र इथेही सुटला नाही. पुढे लोकांनी झाड आणि योद्धा इतके एक करून टाकले की अर्जुनाच्या सालीपासून केलेल्या हृदयाच्या औषधाला, अर्जुनारिष्टाला, आयुर्वेदात ‘पार्थाद्यरिष्ट’ असंही नाव आहे. झाड कुंतीचं मूल नाही, तरी पार्थ झालं. कृष्णाच्या बाललीलेत उखळाला बांधलेल्या कान्ह्याने उपटले ते यमलार्जुन म्हणजे हीच जोडझाडं. नलकूबर आणि मणिग्रीव शापाने झाड होऊन उभे होते. नागार्जुन या बौद्ध तत्त्ववेत्त्याच्या चिनी परंपरेतल्या चरित्रात त्याचा जन्म अर्जुनवृक्षाखाली झाल्याचं सांगितलंय. म्हणजे त्याच्या नावातला अर्जुन झाडाचा आहे, पांडवाचा नाही.

पांडव सोडून दुसरे अर्जुनही पुष्कळ झाले. आपल्या घरात सगळ्यात ओळखीचा दुसरा अर्जुन कोण? वस्तू हरवली की आजी जे पुटपुटते तो. ‘कार्तवीर्यार्जुनो नाम राजा बाहुसहस्रवान् । तस्य स्मरणमात्रेण गतं नष्टं च लभ्यते ॥’ नर्मदाकाठच्या माहिष्मतीचा हा हैहय राजा, दत्तात्रेयांचा भक्त, हजार हातांचा, शेवटी परशुरामाच्या हातून मेला. याला सहस्रार्जुन म्हणतात. सोलापुरातला सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाज आपलं नातं त्याच्याशी जोडतो. चष्मा शोधताना लोक पांडवाचं नाव घेत नाहीत, याचं नाव घेतात. दोघांची गल्लत करू नका.

जैन आगमांतला अर्जुन माळी तर फारच वेगळा. प्राकृतात ‘अज्जुण’. राजगृहाचा हा हार करणारा माणूस. यक्षाच्या संचाराने रोज सहा पुरुष आणि एक स्त्री असे खून करत सुटतो, सुदर्शन नावाच्या श्रावकासमोर त्याचं बळ संपतं, आणि पुढे तो महावीरांचा शिष्य होऊन लोकांचे दगडधोंडे मुकाट सोसतो. नाव तेच, आयुष्य कुठल्या कुठे.

पाणिनीच्या काळी तर अर्जुनाचे भक्त होते. ‘वासुदेवार्जुनाभ्यां वुन्’ असं सूत्र आहे: वासुदेवाचा भक्त तो वासुदेवक, अर्जुनाचा भक्त तो अर्जुनक. अर्जुनक म्हणवणारे लोक नसते तर पाणिनीने त्यांच्यासाठी प्रत्यय खर्ची घातला नसता. आणि समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत, म्हणजे त्याची स्तुती कोरलेल्या चौथ्या शतकातल्या शिलालेखात, मालव आणि यौधेय यांच्या मधे आर्जुनायनांचं गण म्हणून नाव येतं. त्यांची नाणीही मिळाली आहेत. अर्जुनाच्या नावाने ओळखलं जाणारं एक अख्खं प्रजासत्ताक होतं.

हे नाव जिथे गेलं तिथल्या तोंडाने बोललं गेलं. पंजाबीत ‘अर्जन’: शिखांचे पाचवे गुरू अर्जन देव (१५६३–१६०६), ज्यांनी १६०४ मध्ये आदि ग्रंथाची संहिता सिद्ध केली. गुजराती गावांत ‘अरजण’. तमिळमध्ये ‘अर्जुनन्’, तेलुगूत ‘अर्जुनुडु’. जावात अकराव्या शतकात एर्लंग राजाच्या काळी म्पू कण्व या कवीने अर्जुनावर काव्य रचलं. पूर्व जावात ‘अर्जुनो’ नावाचा तीन हजार मीटरवर उंच पर्वत आहे, आणि जकार्तात १९८७ साली उभारलेला अर्जुनाचा रथ भर रस्त्यात आहे. इंडोनेशियातल्या मुसलमान घरांतही मुलाचं नाव अर्जुन असतं, कारण तिथे बाहुल्यांच्या खेळातला अर्जुन देखणा, मृदू आणि कसलेला आहे.

मराठीत हे नाव घरातलं करून टाकलं ते ज्ञानेश्वरांनी. ज्ञानेश्वरीत अर्जुनाला मारलेल्या हाका मोजायला बसलात तर दमाल: पार्था, धनंजया, किरीटी, पंडुसुता, धनुर्धरा. बहुतेक हाकांत वडीलकीचं प्रेम आहे. म्हणूनच आपल्याकडे पार्थ, धनंजय, विजय ही सगळी मुलांची नावं झाली. गंमत अशी की फाल्गुन हे नाव मुलाला फारसं कुणी देत नाही, पण ‘फाल्गुनी’ नावाच्या मुली पुष्कळ. त्यांचं आणि तुमच्या बाळाचं नाव मुळात एकाच नक्षत्राचं.

आता कामाचं. पत्रिकेवर अर्थ छापायचा असेल तर ‘उजळ, निर्मळ, शुभ्र कर्माचा’ असं छापा. हवं तर वरच्या श्लोकाची दुसरी ओळ त्याखाली द्या. ‘शूर’ छापलंत तर कुणी पकडणार नाही, पण तो अर्थ उसना आहे.

लिहिताना ‘जु’ ऱ्हस्व. शेवटून दुसरं अक्षर मराठीत आपण लांबवून बोलतो, म्हणून शाळेच्या यादीतसुद्धा ‘अर्जून’ दिसतो. पण हा तत्सम शब्द आहे. मंदिर, गुण यांच्याप्रमाणे संस्कृतातला ऱ्हस्व तसाच ठेवायचा. इंग्रजीत शेवटी जास्तीचा ‘ए’ लावायचा की नाही, हा आवडीचा प्रश्न आहे. फक्त जन्मदाखला, आधार, शाळा सगळीकडे एकच ठेवा. नाव नंतर घालायचं असेल तर जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांत ते शुल्क न भरता घालता येतं, म्हणून अक्षरांचा निर्णय घाईत करायचं कारण नाही.

‘आर्जुन’ मात्र नको. इंग्रजीत दोन ‘ए’ घातले तर ती तुमची मर्जी, पण देवनागरीत आद्य अक्षर दीर्घ केलं की संस्कृतात शब्दच बदलतो. ‘आर्जुनेय’ म्हणजे अर्जुनीचा मुलगा, आणि महाभारतात ‘आर्जुनि’ म्हणजे अर्जुनाचा मुलगा, अभिमन्यू. ‘आर्जुन’ म्हणजे अर्जुनाचा, त्याच्या मालकीचा. नशीब उघडण्यासाठी पोराला स्वतःच्याच नावाचा वारसदार करून ठेवायचं, हे मला पटत नाही.

राशीचं विचारत असाल तर अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं आद्याक्षर देणाऱ्या तक्त्यात, ‘अ’ हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं अक्षर, मेष राशीचं. बाळाचं नक्षत्र ते नसेल तर नावरस नाव वेगळं येईल आणि अर्जुन हे व्यवहारातलं नाव राहील. त्यात काहीच अडत नाही. अर्जुन स्वतः फल्गुनीवर जन्मला होता, आणि त्या नक्षत्रांची आजची अक्षरं मो, टा, टी, टू आणि टे, टो, पा, पी आहेत. या हिशेबाने खुद्द अर्जुनाला अर्जुन हे नाव मिळालं नसतं.